उजवीकडून येणाऱ्याला आधी

बुधवार, रात्री साडेदहा

चिरंजीव परवा अठरा वर्षांचे झाले, त्यामुळे घरात लर्निंग लायसन्सच्या परीक्षेची तयारी चालू आहे. बारावीला एवढा अभ्यास दिसला नव्हता. सकाळी मी पोळ्या लाटत होते, तर ओट्याला टेकून विचारतो, “आई, सिग्नल नाही, मामा नाही, नुसता चौक. आधी कोण जाणार?”

“ज्याची गाडी मोठी तो.”

“चूक. उजवीकडून येणारा.”

बावीस वर्षं कोथरूडात स्कूटर चालवतेय आणि हे मला माहीत नव्हतं. १९८९ च्या नियमावलीतच होतं म्हणे: मुख्य रस्त्याला लागत असाल तर त्या रस्त्यावरच्याला आधी जाऊ द्या, नाहीतर उजवीकडून येणाऱ्याला. माझ्या वेळी पाय न टेकता आठचा आकडा काढून दाखवला, झालं. (त्यानंतर आठ काढायची वेळ काही आली नाही. तेवढी मोकळी जागा कुठे मिळते?)

डोक्यात हे असल्यामुळे आज ऑफिसला जाताना नळ स्टॉपला जरा जास्तच बघत होते. माझ्या पुढचे दोघे झेब्रा ओलांडून सिग्नलच्या खांबाच्याही पुढे उभे. त्यांना दिवा दिसणारच नाही. मागून हॉर्न वाजले की हिरवा पडला असं समजायचं. मागचे मात्र सेकंद पाच उरले असतानाच वाजवायला लागतात, म्हणजे हे पुढचे दोघे रोज लालमध्येच सुटतात आणि त्यांचा स्वतःचा त्यात काही दोष नाही! शेजारी एका गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत होते. बंद पडली असेल म्हणून मी वळसा घालायला निघाले, तर महाशय सरळ निघून गेले. ‘सरळ जायचंय’ हे सांगायला चारही दिवे लावायचे, ही पद्धत कुणी काढली असेल? बाजूच्या रस्त्यावरून बघणाऱ्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि त्याला वाटतं, हा वळतोय.

संध्याकाळी पोराला मागे बसवून भाजीला गेले. आमच्या डेअरीपाशी चौक आहे, सिग्नल नसलेला. म्हटलं, आज नियम पाळून बघू. उजवीकडून एक गाडी येत होती. थांबले. गाडीतले आजोबाही थांबले आणि माझ्याकडे संशयानं बघायला लागले. मी हातानं ‘या’ केलं. त्यांनी डिपर मारला. आता डिपर म्हणजे ‘तुम्ही जा’ की ‘मी येतोय, हलू नका’? आपल्याकडे सहसा दुसरंच. म्हणून मी थांबून राहिले, तेही थांबून राहिले. तेवढ्यात मागून, “ओ काकू, झोपलात का?” आणि तो बाइकवाला आम्हा दोघांच्या मधून निघून गेला. त्याच्यामागून एक रिक्षा, चालकाचा डावा पाय बाहेर. मग आजोबा आणि मी एकदमच निघालो आणि एकदमच करकचून ब्रेक लावले. पिशवीतले टोमॅटो पोराच्या मांडीवर होते म्हणून वाचले.

घरी येईपर्यंत तो गप्प होता. मला वाटलं, घाबरला. जिन्यात म्हणतो, “आई, चारही बाजूंनी एकेक गाडी एकदम आली तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी असणारच ना. मग प्रत्येकानंच थांबायचं?”

दोन मजले चढेपर्यंत विचार केला. जेवताना कागदावर चौक काढून बघितला, चार काडेपेट्या ठेवल्या. तो म्हणतोय ते बरोबर आहे. चौघेही उभेच राहतात.

असा प्रश्न परीक्षेत विचारत नाहीत, असं सांगून त्याला झोपायला पाठवलंय. काडेपेट्या अजून टेबलावरच आहेत.