एका कागदाचं आठ पानी झीन

झीन म्हणजे स्वतः बनवलेली छोटी पुस्तिका. ७५ जीएसएमचा (दर चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) साधा ए-फोर कागद घ्या. कार्डशीटच्या घड्या फुगतात. दुमडून आठ चौकोन पाडा, प्रत्येकी साधारण ७४ बाय १०५ मिमी. आता उलगडून आखूड कडा जुळवत अर्धा दुमडा आणि दुमडलेल्या बाजूने, मधल्या रेषेवर, एकाच चौकोनापर्यंत कापा. मुलं हमखास उघड्या बाजूने कापतात, मग पुस्तिका जुळतच नाही. कापल्यावर कागद उलगडून लांब कडा जुळवत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला म्हणजे मधली फट उघडेल, आणि पानं एका बाजूला वळवा. पुस्तिका जुळली की आधी पेन्सिलीने पानांचे आकडे टाका. उलगडल्यावर चार पानं उलटी दिसतील, ती तशीच हवीत.

विषय लहानच बरा: खिडकीशी दहा मिनिटं बसून ऐकलेले आवाज, पानाला एक. मोबाइल दुसऱ्या खोलीत. खोडरबरही तिकडेच, नाहीतर निम्मा वेळ खोडण्यात जातो. झेरॉक्स काढायची तर काळं पेन वापरा आणि कडेला ५ मिमी जागा सोडा. मशीन कडेची अक्षरं खातं.