ई आणि एफच्या मधली पाचर

मिरजेला काकांना फोनवर हा प्रकार सांगितला, तेव्हा ते आधी खो खो हसले आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "अरे, मैफलीच्या दिवशी नवी तार चढवतात होय?" चढवली नाही हो काका, चढवावी लागली, असं मी तीनदा म्हणालो. त्यांना काही ते पटलं नाही. मलाही अजून पुरतं पटलेलं नाही, म्हणून लिहून काढतोय.

मी पियानो ट्यूनर आहे. इंग्लंडच्या मधल्या भागात राहतो. काही शाळा, चार-पाच चर्च, बरीचशी घरं आणि तीन नाट्यगृहं ही माझी गिऱ्हाइकं. आमचं मिरजेतलं घर तंतुवाद्यांचं. जवारीचा दोरा केसभर सरकवून तंबोरा बोलता करायचं मी शाळेत जायच्या आधी शिकलो. पुढे इथे न्यूअर्कच्या वाद्यनिर्मितीच्या शाळेत आलो, तेव्हा पहिले काही महिने माझं आणि पियानोचं अजिबात जमेना. कारण पियानो मुळात थोडा बेसूरच लावायचा असतो. बारा स्वरांत सप्तकाची सारखी वाटणी करायची म्हणजे प्रत्येक पंचम दोन सेंट उतरा ठेवायचा आणि गंधार जवळजवळ चौदा सेंट चढा. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. ज्या पोराने तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ऐकत झोप काढलेली आहे, त्याला तो चढा गंधार जाणूनबुजून लावायला सांगणं म्हणजे शिक्षाच. शिकलो. पण कान मिरजेचाच राहिला आणि त्याचा मला माज आहे, हे इथेच कबूल करतो.

तर त्या संध्याकाळी वाजवणार होते रिक वेकमन.

नाव माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे वीस-वीस मिनिटांची गाणी आणि स्टेजवर कीबोर्डांची तटबंदी. त्या तटबंदीच्या आत लांब सोनेरी केसांचा, चमचमता झगा घातलेला जो माणूस असायचा, तो हा. यस बँडचा कीबोर्डवादक. १९७४च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आणि गायकवृंद घेऊन यांनी ज्यूल व्हर्नचा पृथ्वीच्या पोटातला प्रवास वाजवला. ते रेकॉर्डिंग इथे पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी वेम्बलीला आर्थर राजाची गोष्ट वाजवली, तीही बर्फावर, स्केटिंग करणाऱ्या सरदारांसकट. आणि १९७३मध्ये मँचेस्टरला यसच्या लांबलचक कार्यक्रमात, आपल्याला वाजवायला काही नाही अशा वेळी, कीबोर्डवर ताटं मांडून विंदालू खाल्ला. मी कोल्हापुरात कॉलेजला असताना एका मित्राच्या भावाकडच्या कॅसेटवर हे सगळं पहिल्यांदा ऐकलं. विंदालूचा किस्सा नंतर कळला आणि माणूस जास्तच आवडला. गोव्याच्या माणसाने तो कोंबडीचा विंदालू बघितला असता तर काय म्हणाला असता, ते सोडा.

पण ट्यूनरच्या दृष्टीने या माणसाची खरी ओळख वेगळी आहे. झग्याच्या आधी ते लंडनच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये रोजंदारीवर पियानो वाजवायचे. डेव्हिड बोवीच्या १९७१च्या 'लाइफ ऑन मार्स'मधला पियानो त्यांचा. सत्तरी ओलांडल्यावर एकट्याचे दौरे केले तेही असेच, एका ग्रँड पियानोवर. मध्ये मध्ये किस्से. बाकी काही नाही. म्हणजे रात्रभर लोक ऐकणार ते फक्त मी लावलेल्या तारा.

दुपारी दोनला पोचलो. नाट्यगृहाचा पियानो स्टाइनवे डी, २७४ सेंटिमीटर लांब, ४८० किलो. कुणालाही हेवा वाटेल असं वाद्य, आणि ठेवतात कुठे तर रेडिएटरशेजारी. वरच्या दोन सप्तकांच्या तारा थकल्यात, बदलून घ्या, असं मी सव्वा वर्षापूर्वी लेखी कळवलं होतं. पुढच्या अंदाजपत्रकात बघू, असं उत्तर आलं. दरम्यान फॉयरमध्ये नवं कॉफीचं यंत्र आलं. ट्यूनरला शांतता लागते हे इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरीही एक जण व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होता आणि शिडीवरचा दिवेवाला शीळ घालत होता. शीळ घालणाऱ्यापेक्षा व्हॅक्यूम परवडला, तो निदान एकाच सुरात असतो. दिवे मात्र मी आग्रहाने लावून घेतले. शोला जेवढे असतात तेवढ्या दिव्यांच्या उष्णतेतच पियानो लावला पाहिजे, नाही तर पडदा उघडल्यावर पंधरा मिनिटांत वरचा भाग वेगळीच भाषा बोलायला लागतो.

तीन वाजून दहा मिनिटांनी पाचव्या सप्तकात तार तुटली. ट्यूनिंग टिकतं का हे बघायला प्रत्येक स्वर जोरात ठोकतो, त्यात टणकन गेली.

आता जरा तांत्रिक सांगतो, कारण सगळा घोळ इथेच आहे. वरच्या भागात प्रत्येक स्वराला तीन तारा असतात. पण त्या तीन वेगळ्या तारा नसतात. एकच तार एका पिनवरून निघते, टोकाच्या खिळ्याला वळसा घालून परत येते आणि शेजारच्या पिनवर संपते. दोन स्वर, सहा तारा, तीन तुकडे. म्हणजे मधला तुकडा दोन स्वरांत वाटलेला असतो. माझा नेमका तोच तुटला. ई आणि एफ हे पाश्चात्य सप्तकातले शेजारी स्वर. ईची उजवी तार आणि एफची डावी तार, दोन्ही एकदम गेल्या.

नवी तार गाडीत होती. पिनला तीन वेढे दिले, ताणली, वळशाजवळ आणि घोडीजवळ नीट दाबून बसवली, सुरापेक्षा वर ओढली, लाकडाच्या तुकड्याने घासून ढिली होऊ दिली, पुन्हा ओढली. नवी पोलादी तार म्हणजे पहिल्यांदा सासरी आलेली पोरगी. मिनिटामिनिटाला माहेरी पळते. साडेचारपर्यंत अकरा वेळा ओढली. शेवटच्या दोन वेळेस ती दहा मिनिटं जागेवर राहिली.

अशा वेळी शहाणा ट्यूनर काय करतो? त्या दोन तारा शेजारीशेजारीच असतात, त्यामुळे ई आणि एफच्या मध्ये एक रबरी पाचर खुपसली की दोन्ही गप्प. दोन्ही स्वर उरलेल्या दोन-दोन तारांवर बोलतात, आवाज थोडा कमी, पण सुरात. नवी तार आठवडाभर नीट बसली की मग पाचर काढायची. माझ्या खिशात पाचर होती. मी घातली नाही.

का नाही, याचं माझ्याकडे कारण आहे आणि ते खोटं नाही. डावं पेडल दाबलं की सगळे हॅमर, म्हणजे तारांवर आपटणारे हातोडे, जरासे उजवीकडे सरकतात आणि तीनपैकी डावी तार चुकवतात. एफची डावी तार पाचरीने आधीच गप्प, म्हणजे त्याला फरक नाही. पण ईची उजवी पाचरीखाली, डावी हॅमरने चुकवलेली, म्हणजे उरते एकच तार. हळुवार जागेवर तो स्वर एकदम किरटा लागणार. असा विचार करून मी तीन तारा चालू ठेवल्या. काका म्हणतात हा विचार नव्हता, गुर्मी होती. कारण कितीही खरं असलं, तरी खालून माज होताच: मी बसवलेली तार उतरणार नाही.

पाचला वेकमन आले. उंची बघूनच माणूस जरा बाजूला सरकतो. दहाएक मिनिटं वाजवलं, खालून वर, वरून खाली, ध्वनिवाल्याला माइकची जागा ठरवता येईल एवढं. माझ्याकडे बघून मान हलवली आणि चहाकडे गेले. ट्यूनरला याहून मोठी पावती मिळत नसते. तार तुटल्याचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का? वादकाला सांगितलं की तो त्या स्वराकडे वाकड्या नजरेने बघतो. नाही सांगितलं तर तो बेसावध. यावर आमच्या धंद्यात दोन तट आहेत आणि दोन्ही तटांतले लोक आडमुठे आहेत.

साडेसातला सभागृह भरलं. पांढऱ्या शेंड्या, पोटावर ताणलेले पन्नास वर्षांपूर्वीच्या दौऱ्यांचे टी-शर्ट. स्वच्छतागृहाबाहेर पुरुषांची रांग जिन्यापर्यंत आणि बायकांच्या दारात चिटपाखरू नाही. हे दृश्य मी फक्त प्रोग्रेसिव्ह रॉकच्याच कार्यक्रमांना बघितलंय. मी विंगेत उभा राहिलो. ट्यूनरने थांबावं असा नियम नाही. पैसे दुपारचेच मिळतात.

वाजवणं कसं होतं? मला ते धड सांगता येत नाही, हीच माझी तक्रार आहे. डावा हात मोठमोठ्या घड्या घालतोय, उजवा त्यावरून पाणी सांडल्यासारखा वरपासून खाली येतोय, मधेच साध्या चालीला चर्चमधल्या ऑर्गनचा भारदस्तपणा येतोय, एवढं कळत होतं. एक तुकडा संपला की किस्सा, लोक पोट धरून हसताहेत. मी मात्र उजवा हात पाचव्या सप्तकाकडे निघाला की श्वास धरत होतो. तिसऱ्या तुकड्यात ई लागला आणि मला तो ऐकू आला. वाँव, वाँव, वाँव. दोन तारा एक सांगताहेत आणि तिसरी जरा खालून दुसरंच सांगतेय. चौथ्या तुकड्यात एफसुद्धा. शेजारी उभ्या असलेल्या रंगमंच व्यवस्थापिकेला विचारलं, ऐकू येतंय का? तिने माझ्याकडे अशा दयेने बघितलं की पुढे बोललोच नाही.

मध्यंतराच्या जरा आधी एक संथ चाल होती. ओळीच्या शेवटी ई येणार हे दिसत होतं, आणि त्यांनी ती ओळ अचानक सप्तकभर खाली घेतली. मला दरदरून घाम फुटला. त्यांना कळलं! घरी येऊन मी त्यांची जितकी रेकॉर्डिंगं मिळाली तितकी ऐकली. हा माणूस एकच चाल दोनदा सारखी वाजवत नाही. कधी वर, कधी खाली. काहीच सिद्ध होत नाही.

मध्यंतर वीस मिनिटांचं. सभागृहात स्पीकरवर संगीत सुरू झालेलं, ते बंद करायला लावण्यात चार मिनिटं गेली. किल्ली लावली, दोन्ही तारा वर घेतल्या, जुळवल्या. आणि मग, आता कसली गुर्मी, पाचर ई आणि एफच्या मध्ये खुपसली आणि बाहेर आलो.

दुसरा भाग स्वच्छ गेला. ई थोडा अशक्त लागत होता, डाव्या पेडलवर तर किरटाच, अगदी मी दुपारी म्हणालो होतो तसा. मी स्वतःशीच म्हणत होतो, बघ, बरोबर होता की नाही. शेवटी लोक उभे राहिले, दोन वेळा बोलावून घेतलं.

सगळे पांगल्यावर पियानो बंद करायला गेलो. पाचर ई आणि एफच्या मध्ये नव्हती. पिनांच्या पलीकडे, लोखंडी चौकटीवर, नीट आडवी ठेवलेली होती. कंपनाने सुटली असती तर तारांखालच्या लाकडी साउंडबोर्डवर पडली असती. पिनांपलीकडे उडी मारून आडवी झाली नसती.

ध्वनिवाल्याने मध्यंतराच्या शेवटी माइक सरकवला होता. त्याला फोन केला. तो म्हणाला, आठवत नाही, पण विसरलेलं काही दिसलं तर मी उचलून बाजूला ठेवतो. वादकानेच काढली असेल का? बसताना आत नजर टाकून? त्यांना विचारायची सोय नव्हती, गाडी निघून गेली होती.

म्हणजे दुसऱ्या भागात तिन्ही तारा वाजत होत्या, आणि निदान बराच वेळ तरी मी एका तारेचा किरटा ई ऐकत होतो. पुन्हा पुन्हा, खात्रीने, मिरजेच्या कानाने.

रिकाम्या सभागृहात बसून दोन्ही तारा यंत्रावर मोजल्या. तासाभराच्या वाजवण्यानंतर ई दोन सेंट उतरलेला, एफ तीन. एवढ्यावर मी पहिल्या भागात घामाघूम झालो होतो का, की तेव्हा त्या खरोखरच दहा-बारा सेंट खाली गेल्या होत्या? काकांनीही हाच प्रश्न विचारला. मध्यंतरात घाईघाईने वर ओढायच्या आधी मी त्या मोजल्या नाहीत.