वाढत्या अंगाचे

फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिस या क्रमाने येत्या हिवाळ्याच्या कपड्यांचे शो होतात आणि ते सगळे आटोपल्यावर त्यांची छायाचित्रे एखाद्या रिकाम्या दुपारी सावकाश पाहत बसण्याची मला सवय आहे. परवा तशीच पाहत असताना एका करड्या कोटापाशी बोट थांबले. त्या कोटाच्या खांद्याची शिवण दंडाच्या मध्यापर्यंत उतरली होती, बाह्या बोटांची टोके झाकून खाली लोंबत होत्या आणि आतली सडपातळ मुलगी अशा गंभीर चेहऱ्याने चालत होती की, कोट आपल्या मापाचा नाही हे तिला कोणी सांगितलेलेच नसावे. अशा कोटाला आता ओव्हरसाइज म्हणतात. आमच्या घरी त्याला वाढत्या अंगाचा म्हणत आणि तो घालण्यात हौसेचा भाग मुळीच नसे.

वाढत्या अंगाचा स्वेटर पहिल्या वर्षी गुडघ्यांच्या दिशेने निघालेला असे, दुसऱ्या वर्षी नेमका बसे आणि तिसऱ्या वर्षी मनगटे उघडी टाकून वर सरके. गंमत अशी की, तो नेमका बसू लागेपर्यंत त्याची कोपरे विरलेली असत, त्यामुळे नवा आणि मापाचा असा कपडा एकाच वेळी अंगावर आल्याचे मला फारसे आठवत नाही. फ्रॉकची तऱ्हा निराळी होती. आई शिवतानाच खाली चार बोटे दुमड राखून ठेवी आणि उंची अपुरी पडू लागली की ती उसवायला बसे. मी समोर बसून दोऱ्याचे तुकडे वेचत असे. दुमड सोडल्यावर आत दडलेली पट्टी मूळच्या गडद रंगाची निघे, वरचा फ्रॉक धुऊन धुऊन फिका झालेला असे आणि दोहोंच्या मधोमध जुन्या घडीची एक पांढुरकी रेघ उमटलेली असे, जी कितीही इस्त्री फिरवली तरी जात नसे. त्या रेघेची मला भारी लाज वाटे. वर्गात कोणाच्या फ्रॉकला एक रेघ आहे आणि कोणाच्या फ्रॉकला दोन, हे मला पाढ्यांपेक्षा चांगले पाठ होते.

माझ्या आवडीनिवडीचे मूळ बहुधा तिथेच असावे. रस्त्याने चालणाऱ्या माणसांचे कपडे मी आजही त्याच नजरेने पाहते. रंगसंगती मला फार उशिरा दिसते. आधी दिसतो तो रोज एकाच बाजूला बॅग अडकवल्यामुळे घासून गुळगुळीत झालेला खांदा, जीन्सच्या खिशावर फोनने उमटवलेला फिकट चौकोन, घड्याळाच्या पट्ट्याने झिजवलेला एकाच बाहीचा कफ. वृद्ध माणसांच्या अंगावरच्या जुन्या कोटाची शिवणही पुष्कळदा त्या छायाचित्रातल्यासारखीच दंडावर आलेली असते. तो कोट मात्र एके काळी माप घेऊन शिवलेला असतो. कोट आहे तेवढाच राहिलेला असतो, आतला माणूस कमी झालेला असतो.

रॅम्पवरच्या कपड्यांना असे काही घडायला वेळच मिळत नाही. सगळा शो जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा असतो, एकेका पोशाखाच्या वाट्याला त्यातले एखादे मिनिट येते आणि तो शेवटच्या क्षणापर्यंत मॉडेलच्या अंगावर टाचण्या लावून बेतलेला असतो. तो घालून अजून कोणी बसलेले नसते, कोणी धावत जाऊन गाडी पकडलेली नसते. मला हे कपडे बघायला आवडतात, अगदी मनापासून आवडतात. पण गुडघ्यांच्या मागे एकही चुणी नसलेली ती पँट पाहिली की, ती अजून कोणाची झालेली नाही, असे वाटत राहते.

बिल कनिंगहॅम या छायाचित्रकारांविषयी मला जिव्हाळा वाटतो तो याच कारणाने. ते पॅरिसचे शो बघत, पण न्यूयॉर्कमध्ये सायकलवरून हिंडत आणि फिफ्थ अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर ये-जा करणाऱ्यांचे कपडे टिपत तासन्‌तास उभे राहत. १९७८ च्या अखेरीस न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांची रस्त्यावरची छायाचित्रे छापून आली, त्यांत एका स्त्रीच्या कोटाच्या खांद्याची बेतणी आवडली म्हणून त्यांनी टिपलेला एक फोटो होता. ती स्त्री हॉलिवूडची नामांकित अभिनेत्री ग्रेटा गार्बो आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षातही आले नव्हते. खांदा दिसला आणि गार्बो दिसली नाही, यापेक्षा मोठी एकाग्रता मला तरी ठाऊक नाही. ते स्वतः पॅरिसचे सफाई कामगार घालतात तसले निळे जाकीट घालत आणि पावसाळी अंगरखा फाटला की काळी चिकटपट्टी लावून तोच पुन्हा वापरत. २०१६ मध्ये ते गेले.

रॅम्पलाही रस्त्याचा मोह होतोच. १९६० मध्ये डिझायनर इव्ह सां लोराँ यांनी डिओर या फॅशन कंपनीसाठी केलेल्या हिवाळी संग्रहात पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीरावरच्या तरुणांची काळी जाकिटे आली, फक्त मगरीच्या कातड्याची आणि मिंकच्या फरची किनार लावून. जुन्या गिऱ्हाइकांनी नाके मुरडली. १९९२ मध्ये अमेरिकन डिझायनर मार्क जेकब्स यांनी पेरी एलिस या कंपनीसाठी ग्रंज नावाच्या रॉक संगीतावर डोलणाऱ्या पोरांचे चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट रेशमात करवून घेतले आणि त्या संग्रहापायी त्यांची नोकरी गेली. (२०१८ मध्ये त्याच कपड्यांची नवी आवृत्ती त्यांनी विक्रीला काढली, ही गोष्ट वेगळी.) नोकरी जावी इतका मोठा तो गुन्हा नव्हता, पण माझे मन अजून त्या पोरांच्याच बाजूने आहे. त्यांचे शर्ट ढगळ असत ते जुन्या कपड्यांच्या दुकानातून, भलत्याच कोणाच्या मापाचे उचललेले असत म्हणून. त्यांत ऊब होती आणि ते स्वस्त होते; रेशमात यातले काय उरले?

हल्ली शोच्या दाराबाहेर फोटो काढून घेण्यासाठीच नटून येणाऱ्यांची गर्दी असते आणि त्यांच्या छायाचित्रांनाही स्ट्रीट स्टाइल असेच म्हटले जाते. फॅशन पत्रकार सूझी मेन्केस यांनी २०१३ मध्येच त्यांना मोरांची उपमा दिली होती. त्यांच्यातल्या कित्येकांचे कपडे ब्रँडकडून तेवढ्यापुरते आलेले असतात, तेव्हा त्यांच्यावर मी फार वेळ घालवत नाही.

मग कारखान्यातच गुडघ्यावर फाडून विकायला ठेवलेल्या जीन्सविषयी माझे मत काय असणार, हे उघडच आहे. दोन्ही गुडघे सारख्याच उंचीवर फाटलेले पाहिले की मी मान फिरवते. पण जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांनी १९८२ मध्ये पॅरिसमध्ये एक काळा स्वेटर दाखवला होता, त्याच्यावर जागोजागी भोके होती आणि ती पडावीत म्हणून त्यांनी विणकामाच्या यंत्राचे स्क्रू मुद्दाम ढिले करवून घेतले होते. तो स्वेटर मला विलक्षण सुंदर वाटतो. त्या भोकांमागेही कोणाचे कोपर झिजलेले नाही, तीही आधी ठरवूनच पाडलेली आहेत, म्हणजे माझ्याच हिशेबाने तो स्वेटर त्या जीन्सइतकाच खोटा ठरायला हवा. ताईपुढे हा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, की फरक एवढाच की एक कपडा तू कपाळाला आठ्या घालून बघतेस आणि दुसरा चष्मा लावून. असेलही तसे. तो स्वेटर कोणी फुकट दिला, तर मी मात्र तो नक्की घेईन आणि बाह्या लांब असल्या तरी दुमडून घालीन.