प्लॅनमधला शनिवार

बेळगावच्या उद्यमबागेत शनिवारी कारखाने चालू असतात, हे एका सॉफ्टवेअरला पटवण्यात माझा जेवढा वेळ गेला, तेवढ्यात एखादं फिक्स्चर (मशीनवर काम घट्ट धरून ठेवणारं साधन) तयार होऊन गिऱ्हाइकाकडे पोचलं असतं.

आम्ही हायड्रॉलिक पॉवर पॅक आणि जिग-फिक्स्चर करतो. कोण कुठल्या ऑर्डरवर आहे हे सुपरवायझरच्या डोक्यात असायचं, फार तर फळ्यावर. मोठं गिऱ्हाईक दर आठवड्याला प्लॅन मागायला लागलं, मालकांनी कामांचं वेळापत्रक लावणारं मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट घेतलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. नावं भरली, कामं टाकली, जोडली. इथवर काही त्रास नाही.

अडलं ते कॅलेंडरला. यात आयतं मिळणारं 'स्टँडर्ड' कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, 8 ते 12 आणि 1 ते 5. म्हणजे आठवड्याला 40 तास, आमचे 48. शिकवायला आलेल्या विक्रेत्याच्या माणसाने 'कारखाना' नावाचं वेगळं कॅलेंडर केलं, शनिवार उघडला, ते प्रोजेक्टला लावलं, जेवला आणि गेला. मग भलतंच दिसायला लागलं. ज्या कामावर माणूस नेमलेला नाही ते शनिवारी चालायचं. वेल्डरचं नाव टाकलं की तेच काम शनिवार सोडून सोमवारी! फोन केला तर "स्क्रीनशॉट पाठवा." पाठवला. "नवीन व्हर्जन टाका." टाकलं. "लेव्हलिंग काढून बघा." म्हणजे एका माणसावर एकाच वेळी दोन कामं आली की एक पुढे ढकलायची सोय. काढलं. दर वेळी नवा मुलगा, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं. आणि शनिवारी फोन उचलायला कोणी नाही, कारण त्यांना सुट्टी.

शेवटी वैतागून रिसोर्स शीटचा, म्हणजे माणसांच्या यादीचा, एकेक रकाना वाचत गेलो. 'बेस कॅलेंडर' या रकान्यात प्रत्येक नावासमोर 'स्टँडर्ड'! प्रोजेक्टचं कॅलेंडर चालतं ते बिनमाणसाच्या कामाला. माणूस नेमला की त्याचं स्वतःचं कॅलेंडर लागतं. सगळ्यांसमोर 'कारखाना' केलं आणि शनिवार भरले. त्या दिवशी चहा मी पाजला.

हो, एक राहिलंच. सेटिंगमध्ये आठवड्याचे तासही 48 करा, नाहीतर '1 आठवडा' लिहिलेलं काम ते 40 तासांचंच धरतं.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 1 नोव्हेंबर या सुट्ट्या 'कारखाना'त एकदाच टाका. वडगावचे लोक मंगाईच्या यात्रेला येत नाहीत, ते मात्र ज्याच्या त्याच्या कॅलेंडरात. एकाच दिवशी दोन ऑर्डरींवर नाव पडलं की ते लाल होतं. आपोआप लेव्हलिंगवर माझा विश्वास नाही. ते डिलिव्हरीचं कामही बिनदिक्कत पुढे ढकलतं. वापरायचंच असेल तर त्या कामाची प्रायॉरिटी नेहमीच्या 500 वरून 1000 करा, मग ते त्याला हात लावत नाही.

खानापूरकडच्या हेल्परांचं कोडं वेगळं. भातकापणीला कधी जाणार विचारलं तर "पीक तयार झालं की सांगतो की साहेब." म्हणून त्यांची वेगवेगळी नावं न घालता 'हेल्पर' अशी एकच ओळ ठेवली आहे, एका माणसाचे 100 टक्के धरून सहा जणांची 600 टक्के. सुगीच्या दिवसांत तारखा घालून ती 300 करतो आणि तेवढ्यावरच गिऱ्हाइकाला तारीख देतो.