दोन पावलं मागे

दाराची बेल वाजल्यावर माणूस काय करतो, यावरून त्याचा बराचसा स्वभाव कळतो. कुणी आधी दाराच्या भिंगातून बघतं, कुणी टीव्हीचा आवाज बारीक करून घरात नसल्याचं सोंग आणतं. साताऱ्याला आमच्या सोसायटीच्या जिन्यात ‘विक्रेत्यांना सक्त मनाई आहे’ अशी पाटी होती आणि घामाघूम झालेले विक्रेते नेमके त्या पाटीखालीच बॅग टेकवून दम खायचे. आई दार किलकिलं करून ‘नको’ म्हणायची. काय नको, ते ऐकूनही न घेता.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला, सँडीत राहायला आल्यावर मात्र असं घर पाहिलं, जिथे कधीकधी बेल वाजायच्या आधीच दार उघडतं. समोरचे आजोबा पंचाहत्तरीच्या आसपासचे. उन्हाळा लागला की आमच्या गल्लीत तरण्या पोरांची ये-जा सुरू होते. कुणी मुंग्या-कोळ्यांची फवारणी विकतो, कुणी छपरावर सोलर बसवा म्हणतो, कुणी घरफोडीचा अलार्म गळ्यात मारायला बघतो. आम्ही बाकीचे सगळे भिंगातून बघणारे. आजोबा बर्फाच्या पाण्याचा ग्लास घेऊन पायरीवर हजर. पोराचं पाठांतर ते शेवटपर्यंत ऐकून घेतात, मध्ये तोडत नाहीत. आजींची तक्रार अशी, की आमच्या घरावर तीन कंपन्या औषध मारतात आणि कोळी होते तेवढेच आहेत.

ही पोरं बहुतेक करून आजोबांच्याच मॉर्मन या ख्रिस्ती पंथातली असतात, हे मला उशिरा कळलं. आमच्या या युटा राज्यात दारोदार फिरून माल विकायचा धंदा जोरात आहे आणि त्याचं एक कारण म्हणजे मिशनवरून, म्हणजे धर्मप्रसारासाठी दारं वाजवून, परतलेले तरुण. दोन वर्षं परमुलखात ‘नको’ ऐकून आलेल्या पोराला फवारणीचा नकार तो काय लागणार! देवाच्या कामात कमावलेली चिकाटी शेवटी मुंग्यांच्या औषधाला कामी यावी, याची मला गंमत वाटते. आजोबांना त्यात काही वावगं वाटत नाही.

ते स्वतः मॉर्मन मिशनरी होते. 2018 साली त्यांच्या चर्चने ‘मॉर्मन’ म्हणू नका, ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असं पूर्ण नाव घ्या म्हणून सांगितलं. आजोबा दोनदा पूर्ण नाव घेतात, तिसऱ्यांदा मॉर्मन म्हणून मोकळे होतात.

ते मिशनवर गेले 1970 साली. तेव्हा मुलगे एकोणिसाव्या वर्षी निघत. 2012 पासून अठराव्या वर्षीही जाता येतं. दोन वर्षं, खर्च घरचा, पांढरा शर्ट, टाय, आणि जोडीदाराशिवाय कुठे जायचं म्हणून नाही. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. सैन्यभरतीच्या भानगडीत प्रत्येक वॉर्डातून (तिथे चर्चच्या स्थानिक मंडळीला वॉर्ड म्हणतात) मोजक्याच मुलांना मिशनवर सोडत. आजोबांचा थोरला भाऊ व्हिएतनामला गेला, हे जपानला. त्यांची आई रविवारी रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोन पोरांना दोन पत्रं लिहायची. एकदा पाकिटांत पत्रं उलटसुलट पडली. जपानमध्ये यांनी वाचलं, ‘मोजे ओले राहू देऊ नकोस, आणि जे काय असेल ते मला खरं लिही.’ तिकडे थोरल्याला हुकूम आला, ‘सायकल सावकाश चालव, जपानी ट्रॅफिकचा भरवसा नाही.’ दोघंही धड परतले, म्हणून ही गोष्ट आज जेवणाच्या टेबलावर हसत सांगता येते.

त्या काळी फोन नव्हताच, होती ती फक्त पत्रं. 2019 पासून मिशनवरच्या मुलांना दर आठवड्याला घरी व्हिडिओ कॉल करता येतो. आजोबा म्हणतात, अशाने पोरं कुठे गेल्यासारखी वाटतच नाहीत. आजी म्हणतात, पाच लेकरं दोन-दोन वर्षं पाठवून बघा, मग बोला. खरं तर पाठवली दोघांनी मिळूनच, पण त्या ‘बघा’पुढे आजोबा गप्प बसतात.

जपानी शिकायला त्यांना आधी हवाईतल्या लाये गावात दोन महिने ठेवलं. चहूकडे निळा समुद्र, आणि मिशनऱ्याने पोहायचं नाही असा नियम. नंतर ओसाका. तिथे त्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरलं होतं, ‘एक्स्पो 70’. चर्चने त्यात स्वतःचं दालन उभारलं होतं आणि बघायला लाखो माणसं लोटत होती. आजोबांच्या वाट्याला त्यातलं काही आलं नाही. त्यांच्या वाट्याला आल्या शेजारच्या निशिनोमियातल्या गल्ल्या, एक जुनी सायकल आणि जोडीला आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा एक घोरणारा मुलगा.

दार वाजवायची पद्धत त्यांना त्याने शिकवली. बेल दाबली की दोन पावलं मागे सरायचं. आतल्या माणसाला आपण डोक्यापासून पायापर्यंत दिसलो पाहिजे, आणि दार लावून घ्यायला त्याला जागा राहिली पाहिजे. ‘कंटाळा नाही यायचा?’ मी एकदा विचारलं. ‘यायचा की. मंगळवारी फार यायचा. सोमवारी कपडे धुवायची सुट्टी झालेली असायची ना!’

संध्याकाळी ते फुकट इंग्रजी शिकवायचे. वर्ग गच्च भरायचा आणि शेवटची प्रार्थना सुरू झाली की भराभर रिकामा व्हायचा. दोन वर्षांत चार जणांनी बाप्तिस्मा घेतला, त्यातले दोघं पुढे यायचे थांबले. हे ते हातचं काही न राखता सांगतात. एका म्हातारीचं मात्र सांगताना थांबत नाहीत. ती दर खेपेला नको म्हणायची, पण पाऊस असला तर आधी दोन टॉवेल आणून द्यायची, यांची डोकी पुसून होईपर्यंत उभी राहायची आणि मग नको म्हणायची.

दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढायला दारोदार फिरणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. आजोबांना हे माहीत आहे. त्यांनी एकदाच त्यांचा ग्रंथ आणून दिला, पुन्हा विषय काढला नाही. आणि मीही फार ताठ्याने बोलू नये. आमचे पणजोबा पुण्यात माधुकरी मागून शिकले, ही गोष्ट घरात अभिमानाने सांगतात. त्यांना कोणत्या घरांनी दारातून परत लावलं, हे कुणी सांगितलेलं नाही. त्याच पुण्यात, 1850च्या दशकात, ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईहून आला होता. लष्करी अधिकाऱ्यांचा विरोध झाला, हाती मूठभर माणसं लागली, आणि काही वर्षांत गाशा गुंडाळावा लागला. आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘पुणं म्हणजे ओसाकासारखंच दिसतंय.’ मी साताऱ्याची, त्यामुळे हो म्हणून टाकलं.

मिशनवर निघताना एका मुलीने वाट बघते म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या वर्षी तिच्या लग्नाची पत्रिका जपानला पोचली. परत आल्यावर युटातल्याच प्रोव्होला विद्यापीठात जपानीच्या वर्गात आजी भेटल्या. त्यांचं जपानी यांच्यापेक्षा चांगलं होतं, असं दोघंही म्हणतात.

जपानने त्यांना काही सवयी लावल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत. मॉर्मन लोक चहा-कॉफी घेत नाहीत, आणि हिरव्या चहाच्या देशात तर पावलोपावली तो नाकारायची वेळ. मुगिचा मात्र चालायचा, कारण तो भाजलेल्या जवाचा काढा. त्यात चहाचं पानही नसतं. आजही त्यांच्या फ्रीजमध्ये तपकिरी मुगिचाचा जग असतो. दुसरी सवय आम्हाला महागात पडते. आमच्याकडे गणपतीला आले की दारातल्या चपला-बुटांसमोर उकिडवे बसून ते एकेक जोड वळवून ठेवतात, चवडे दाराकडे, म्हणजे निघताना पाय सरळ आत जावा. पन्नास माणसांचा पसारा ओळीत लागतो. आणि मग एकाही पाहुण्याला आपली चप्पल ‘काढली तिथे’ सापडत नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या धाकट्या नातवाची मिशनची नेमणूक यायची होती. पूर्वी टपालाने जाडजूड पाकीट यायचं, आता ऑनलाइन कळतं. तरी सगळं गणगोत दिवाणखान्यात जमलं, आम्हीही. भिंतीवर जगाचा नकाशा, ज्याने त्याने आपल्या अंदाजाची टाचणी टोचायची. आजोबांची टाचणी अर्थातच ओसाकावर, माझ्या मुलाची आइसलँडवर. पोराने फोनवरचं पत्र मोठ्याने वाचलं, आणि निघालं काय, तर आयडाहोतलं बॉयसी! शेजारचं राज्य, गाडीने पाच तास. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा. आजोबा नातवाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, ‘बटाटे छान मिळतील.’

तेव्हा आई आमच्याकडे आली होती. निघायच्या आदल्या आठवड्यात आजोबांनी नातवाला नवा कोट घालून सरावासाठी आमच्या दारी पाठवलं आणि स्वतः रस्त्यापलीकडे उभे राहिले. मी वरच्या खिडकीतून बघत होते. त्याने बेल दाबली आणि दाराला नाक लावून उभा राहिला. पलीकडून आजोबांनी दोन बोटं नाचवली. तो मागे सरतोय तोवर आईने दार सताड उघडलं होतं. पोराने घसा खाकरला, पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं. आईला त्यातलं काही कळलं नाही. ‘ये, आत ये, बैस,’ म्हणाली आणि चहा टाकायला निघाली. तिला चहावरून परतवेपर्यंत माझी धांदल उडाली. शेवटी कोकम सरबत आणि बेसनाचे लाडू पुढे आले. पोराने तीन लाडू खाल्ले, दुसरं वाक्य काही तोंडातून निघालं नाही, आणि चौथा लाडू कोटाच्या खिशात घालून गेला.

आई ग्लास विसळत म्हणाली, ‘गुणी आहे गं पोरगा. काय विकायला आला होता?’

‘अजून काही नाही,’ मी म्हटलं. ‘शिकतोय.’