गेम सुरू होताना डीएलएल सापडत नसेल तर

गेमवर डबल क्लिक केलं की 'एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडली नाही, प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल करून बघा' अशा अर्थाची खिडकी येते. (डीएलएल म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारी तयार कोडची फाइल.) मग बहुतेक जण ते नाव सर्च करतात, डीएलएल फुकट देणाऱ्या एखाद्या साइटवरून ती एकच फाइल उतरवतात आणि विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये टाकतात. कृपा करून हे करू नका. ती फाइल कुठल्या आवृत्तीची आहे, ३२ बिटची की ६४ बिटची, तिच्यात कुणी काही घुसवलंय का, यातलं काहीच कळायला मार्ग नसतो. शिवाय या फाइली एकेकट्या येत नाहीत, पॅकेजमधून येतात. एक आणून बसवली की पुढच्या वेळी तिच्याच भावंडाचं नाव स्क्रीनवर येतं.

म्हणून आधी ते नाव नीट वाचा. (इथे नावं देवनागरीत लिहिली आहेत, स्क्रीनवर ती रोमन अक्षरांत दिसतील.) कुठलं पॅकेज हवं ते बहुतेक वेळा नावातच असतं. एमएसव्हीसीपी, एमएसव्हीसीआर किंवा व्हीसीरनटाइम अशी सुरुवात असेल तर ती मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलची (सी++ मध्ये लिहिलेले प्रोग्राम चालायला लागणाऱ्या पॅकेजची) फाइल. पुढचा आकडा आवृत्ती सांगतो: १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३, आणि १४० म्हणजे २०१५ व त्यानंतरच्या सगळ्यांसाठी असलेलं एकच पॅकेज. ही पॅकेजं एकमेकांची जागा घेत नाहीत. २०१३ चं मागणाऱ्या गेमला २०२२ चं देऊन भागत नाही, त्यामुळे कंट्रोल पॅनेलमध्ये ती दहा-बारा दिसली तरी 'कचरा' म्हणून काढू नका. व्हीसीरनटाइम१४०_१ या फाइलीपाशी अनेक जण अडकतात, कारण 'पॅकेज तर आहे' असं त्यांना दिसत असतं. ती फाइल २०१९ च्या आवृत्तीपासून आली. जुनं २०१५ किंवा २०१७ चं पॅकेज असेल तर त्यात ती नसतेच. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ताजं पॅकेज घ्या.

घेताना एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही घ्या. विंडोज ६४ बिटची असली तरी गेम ३२ बिटचा असू शकतो, आणि त्याला ३२ बिटच्याच फाइली लागतात. इथे फोल्डरची नावं चांगलीच फसवतात: ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. हाताने कॉपी करणारे नेमके उलटे टाकतात. मग 'फाइल सापडली नाही' ऐवजी ०एक्ससी०००००७बी हा कोड येतो. फाइल आहे, पण भलत्याच जातीची, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ. अशी टाकलेली फाइल आधी काढा, मग पॅकेजवर 'रिपेअर' चालवा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, त्या पॅकेजसमोरचे तीन ठिपके आणि मॉडिफाय, असा रस्ता आहे.

डी३डीएक्स९_४३, एक्सइनपुट१_३, एक्सऑडिओ२_७ ही नावं दिसली तर प्रकरण डायरेक्टएक्सचं, म्हणजे गेमच्या ग्राफिक्स आणि आवाजासाठी असलेल्या मायक्रोसॉफ्टच्या लायब्रऱ्यांचं. इथे लोक डीएक्सडायग हे विंडोजचं तपासणीचं साधन उघडतात, 'डायरेक्टएक्स १२' वाचतात आणि गोंधळतात. १२ असूनही ९ च्या फाइली नसू शकतात. डी३डीएक्स९ ही वेगळी मदतनीस लायब्ररी होती, ती विंडोजसोबत येतच नाही. जुने गेम तिच्यावर अवलंबून आहेत, आणि तिच्या २४ ते ४३ अशा क्रमांकांच्या वेगवेगळ्या फाइली आहेत. त्या सगळ्या जून २०१० च्या डायरेक्टएक्स एंड-युजर रनटाइममध्ये मिळतात. त्याचं मोठं, ऑफलाइन पॅकेज उघडलं की ते फक्त फाइली कुठे काढून ठेवायच्या ते विचारतं. तेवढ्यावर इन्स्टॉल झालं असं समजू नका. आधी रिकामा फोल्डर करा, तिथे फाइली काढा आणि त्यातलं डीएक्ससेटअप चालवा. गेम स्टीम या ऑनलाइन दुकानातला असेल तर डाउनलोडही लागत नाही: अनेकदा गेमच्या फोल्डरमध्येच _कॉमनरीडिस्ट असतो आणि हे इन्स्टॉलर त्यात असतात.

बाकीची नावं पटकन. व्हल्कन-१ ग्राफिक्स कार्डच्या ड्रायव्हरसोबत येते, तेव्हा ड्रायव्हर नव्याने टाका. एमएफप्लॅट ही विंडोजची व्हिडिओ-आवाजाची फाइल नसेल तर विंडोज 'एन' आवृत्ती आहे का बघा. युरोपीय आयोगाच्या २००४ च्या निर्णयामुळे ही मीडिया प्लेअरविना निघालेली आवृत्ती. ऑप्शनल फीचर्समधून मीडिया फीचर पॅक घातला की काम होतं. स्टीम_एपीआय६४ किंवा गेमच्याच नावाची फाइल हरवली असेल तर विंडोजचा संबंध नाही: स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमधून फाइली तपासून घ्या. तपासल्यावर परत आलेली फाइल पुन्हा गायब झाली, तर अँटिव्हायरस ती उचलतोय. विंडोज सिक्युरिटीमधली प्रोटेक्शन हिस्टरी बघा. गेम अधिकृत दुकानातून घेतलेला असेल तरच ती परत आणा.

'एसएफसी स्कॅननाऊ चालवा' हा सल्ला सर्रास दिला जातो. एसएफसी ही फाइली तपासून दुरुस्त करणारी कमांड आहे, पण विंडोजच्या स्वतःच्याच फाइलींसाठी. व्हिज्युअल सी++ आणि डी३डीएक्स९ तिच्या यादीत नाहीत, त्यामुळे वरच्या बहुतेक तक्रारींवर हा सल्ला म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. हरवलेली फाइल खरंच विंडोजची असेल, तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधी डीआयएसएम या विंडोज दुरुस्त करणाऱ्या साधनाची रिस्टोअरहेल्थ कमांड पूर्ण होऊ द्या आणि मग एसएफसी चालवा. डीएलएलची विंडोजमध्ये नोंद करणाऱ्या रेगसर्व्हर३२ चा तर इथे उपयोगच नाही. यातल्या बहुतेक फाइली रजिस्टर करायच्या नसतातच.

काही वेळा खिडकी येतच नाही, गेम नुसता बंद पडतो. तेव्हा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, ॲप्लिकेशन इथे जा, इव्हेंट क्रमांक १००० शोधा आणि 'फॉल्टिंग मॉड्यूल'समोरचं नाव व पाथ दोन्ही वाचा. तिथे एमएसव्हीसीपी१४० असेल आणि पाथ गेमच्याच फोल्डरचा असेल, तर ती फाइल जुनी असण्याची दाट शक्यता. विंडोज साधारणपणे डीएलएल आधी गेमच्या फोल्डरात शोधते, सिस्टमचा नंबर नंतर लागतो, त्यामुळे ताजं पॅकेज असूनही जुनीच उचलली जाते. २०२४ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ या प्रोग्राम बनवायच्या साधनाच्या १७.१० आवृत्तीत म्युटेक्सची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची टक्कर टाळणाऱ्या कुलपाची) रचना बदलली, तेव्हापासून नव्या कंपायलरने बांधलेला प्रोग्राम जुन्या एमएसव्हीसीपी१४० वर असा कोसळू शकतो. त्या फोल्डरातल्या फाइलीचं नाव बदलून गेम सुरू करून बघा.

आणि नावाच्या शेवटी 'डी' असेल, म्हणजे एमएसव्हीसीपी१४०डी किंवा यूसीआरटीबेस्डी, तर तुमच्या कॉम्प्युटरवर काही शोधत बसू नका. ती डीबग, म्हणजे प्रोग्राम बनवताना चुका शोधायला वापरायची, फाइल आहे. गेम बनवणाऱ्याने चुकून डीबग बिल्ड बाहेर सोडलं आहे, त्याला कळवा.