भूदासमुक्तीची कर्जफाईल: एका जुन्या कर्ज-अधिकाऱ्याचा अनुभव

शेतीकर्जाच्या फायली तपासण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर न्यायमूर्ती रानड्यांचे अर्थशास्त्रावरचे इंग्रजी निबंध वाचायला घेतले, तर त्यात रशियातल्या भूदासांच्या, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या, जमिनीशी बांधलेल्या शेतकऱ्यांच्या मुक्तीवर एक अख्खा निबंध निघाला. दख्खनच्या कर्जबाजारी शेतकऱ्याचा प्रश्न समोर असताना हा माणूस रशियाकडेही बघत होता. मला मात्र शाळेतली एकच ओळ आठवत होती: १८६१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासांना मुक्त केलं. मग ठरवलं, हे प्रकरण आपल्याला येतं त्याच पद्धतीने वाचायचं. कर्जदार कोण, तारण काय, मूल्यांकन कुणी केलं, हप्ता किती बसला.

सुरुवातीचे कागद सरळ आहेत. तिकडच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १९ फेब्रुवारी १८६१ ला जाहीरनाम्यावर सही झाली. लोकांना तो वाचून दाखवला ५ मार्चला, म्हणजे ईस्टरआधीचे मोठे उपास सुरू व्हायच्या आदल्या रविवारी. जमीनदारांच्या मालकीचे सव्वादोन कोटींच्या आसपास जीव त्या दिवशी विक्रीच्या मालातून बाहेर आले. लग्नाला मालकाची परवानगी नको, स्वतःच्या नावावर मालमत्ता घेता येते, कोर्टात उभं राहता येतं. हे छोटं नाही, आणि पुढचा हिशेब वाचताना मी ते स्वतःला विसरू दिलं नाही.

पण जमीन? ती मालकाचीच राहिली. शेतकऱ्याला तिचा वापर मिळाला, मोबदल्यात पूर्वीसारखाच रोख खंड किंवा वेठ. दोन वर्षांत प्रत्येक जहागिरीसाठी एक सनद तयार करायची, तिच्यात कुणाला किती जमीन आणि त्यावर किती देणं हे लिहायचं. वाद मिटवायला सरकारने मध्यस्थ नेमले, आणि हे मध्यस्थ स्थानिक सरदार-जमीनदारांतूनच निवडलेले. सनदेवर शेतकऱ्यांनी सही नाही केली तरी ती लागू व्हायची. पहिली नऊ वर्षं जमीन नाकारायचीही सोय नव्हती. कर्जदाराच्या संमतीशिवाय मंजूर झालेलं कर्ज मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पुढे ही जमीन शेतकऱ्यांनी सरकारी कर्जावर मालकाकडून विकत घ्यायची होती. खरा अडकलो तो तिच्या मूल्यांकनाशी. जमिनीची किंमत काढायची तर आम्ही विचारतो, पीक काय, पाणी कुठून, शेजारचा तुकडा कितीला गेला. रशियन कायद्याने यातलं काहीच विचारलं नाही. पूर्ण वाट्यावर, म्हणजे त्या भागात ठरवलेल्या कमाल जमिनीवर, वर्षाचा रोख खंड ठरवला, प्रदेशानुसार माणशी ८ ते १२ रुबल. हा माणूस म्हणजे शिरगणतीतला पुरुष. बायका हिशेबात नाहीत. मग हा खंड सहा टक्के व्याज समजून त्याचं मुद्दल काढलं. ९ रुबल खंड, तर किंमत १५० रुबल. झालं मूल्यांकन.

यात काय गोम आहे हे कळायला मला वेळ लागला. उत्तरेकडच्या हलक्या जमिनीत घरच्यापुरतं धान्य निघायची मारामार. तिथला शेतकरी खंड भरायचा तो शहरात सुतारकाम करून, गाडी हाकून, गिरणीत राबून. म्हणजे त्या ९ रुबलांत जमिनीचं उत्पन्न थोडं आणि माणसाच्या हातांची कमाई जास्त. त्याच आकड्याचं मुद्दल केलं की माणसाची किंमत गुपचूप जमिनीच्या खात्यावर चढते. कायद्यात व्यक्तीची सुटका फुकट होती. मूल्यांकनाच्या सूत्रात तिचे पैसे वसूल झाले. सगळ्या साम्राज्याचे आकडेही हेच बोलतात: १८५० च्या दशकातल्या बाजारभावाने साधारण ५४.४ कोटी रुबलांची जमीन, खरेदीच्या हिशेबात ८६.७ कोटींना.

मग मी एक्सेलमध्ये तक्ता मांडला. १५० पैकी ऐंशी टक्के, म्हणजे १२० रुबल, सरकार जमीनदाराला रोख्यांत देणार. उरलेले ३० शेतकऱ्यांनी परस्पर मालकाला द्यायचे. मालकानेच एकतर्फी खरेदी लादली तर हे ३० त्याला सोडावे लागत. सरकारी १२० वर शेतकऱ्यांचा हप्ता सहा टक्के, ७ रुबल २० कोपेक (शंभर कोपेकचा एक रुबल), ४९ वर्षं. एकूण ३५२ रुबल ८० कोपेक. ही ४९ कुठून आली हे मला छळत होतं. सहातले पाच टक्के रोख्यांच्या व्याजाला काढले, अर्धा टक्का मुद्दलात टाकला, आणि खातं ४९ व्या वर्षी जवळजवळ शून्यावर आलं. वरचा अर्धा टक्का सरकारी खर्चाला. एका हिशेबनिसाला दुसऱ्या हिशेबनिसाचं काम आवडावं तसं ते आवडलं, मग स्वतःचीच लाज वाटली.

अजून एक कलम बघण्यासारखं आहे. पूर्ण वाटा चार देस्यातीना (एक देस्यातीना म्हणजे आपले जवळपास पावणेतीन एकर) आणि खंड ९ रुबल असं धरा. गरीब जमिनीच्या पट्ट्यात पहिल्या देस्यातीनावर निम्मा खंड बसायचा, दुसरीवर पाव, आणि उरलेला पाव बाकी जमिनीवर. म्हणून ज्याला चारऐवजी दोनच मिळाल्या त्याची जमीन निम्मी, पण देणं ६ रुबल ७५ कोपेक, म्हणजे पाऊण. आणि जमीन कमी झाली ती बऱ्याच ठिकाणी. पूर्वी कसत असलेली जमीन ठरलेल्या कमाल वाट्यापेक्षा जास्त भरली तर मालक जादाची कापून घेई. कापताना कुरण, पाणवठ्याची वाट, जंगलाची कड हेच तुकडे गेले तर गुरं न्यायची कुठून? मग तोच तुकडा मालकाकडून वापरायला घ्यायचा, भाड्यापोटी आपल्या घोड्या-नांगराने त्याचं शेत नांगरायचं. वेठ मागच्या दाराने घरात.

लोकांना हे लगेच उमजलं. कझान प्रांतातल्या बेझ्द्ना गावात आंतोन पेत्रोव्ह नावाच्या शेतकऱ्याने कायद्याची पोथी वाचून सांगितलं की झारने खरी, संपूर्ण मुक्ती दिली आहे आणि सरदार ती लपवताहेत. नमुन्यातल्या रिकाम्या जागी छापलेल्या दोन शून्यांत त्याला मुक्तीची मोहोर दिसली. हजारो माणसं त्याच्या घराभोवती जमली. सैन्याने गोळीबार केला, डझनावारी मेली, आणि एप्रिल १८६१ मध्येच पेत्रोव्हला गोळी घातली. मला त्याचं हसू येत नाही. त्या मसुद्याची भाषा मीही तीनदा वाचल्याशिवाय पुढे सरकलो नाही.

कर्जदार होता गावसमुदाय, मीर. हप्त्याला अख्खा गाव सामाईक जामीन. आपल्या बचत गटात एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जातात, तसंच. फक्त इथे गटातून बाहेर पडायची वाट जवळजवळ बंद. शहरात कामाला जायचं तर पासपोर्ट लागे, आणि थकबाकीदाराला गाव तो सहज देईना. ही सामाईक जबाबदारी बहुतेक ठिकाणी १९०३ मध्ये निघाली.

मालक राजी होईपर्यंत खरेदी सुरूच व्हायची नाही, त्यामुळे वीस वर्षांनीही काही गावं जुन्या खंडातच होती. त्यांना १ जानेवारी १८८३ पासून सक्तीने खरेदीत आणलं, त्याच सुमारास हप्तेही थोडे उतरवले. थकबाकी तरी साचतच गेली. १९०५ ला गावोगाव जमीनदारांचे वाडे जळायला लागले, तेव्हा नोव्हेंबरात सरकारने जाहीर केलं की पुढच्या वर्षी हप्ता निम्मा आणि त्यानंतर माफ. १८८३ ला खरेदीत आलेल्या गावाचा माझा तक्ता १९३२ पर्यंत जात होता. तो १९०६ च्या अर्ध्या हप्त्यावर तोडला. १ जानेवारी १९०७ पासून वसुलीच बंद झाली.